सत्तर जणांसाठी भरलेली अंडी: टिळकवाडीतल्या एका ३१ डिसेंबरचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावात टिळकवाडी भागातली चार मजली इमारत. राहणारी माणसं इथल्यासारखीच मिसळीची: मराठा घरं, कानडी बोलणारी शाकाहारी कुटुंबं, दोन जैन बिऱ्हाडं, तळमजल्यावर कोकणी बोलणारं ख्रिस्ती कुटुंब. वर्षअखेरीला सगळे गच्चीवर जमतात. थोडं चमचमीत खाणं, मग जेवण, आणि बारा वाजता खाली उतरून गल्लीतल्या पोरांनी बांधलेला 'ओल्ड मॅन', म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जळताना बघायचा.

२०२४ च्या डिसेंबरात जेवणाआधीच्या खाण्यासाठी अंड्याचे पदार्थ ठरले, आणि त्यामागे कारण होतं. ३१ तारीख मंगळवारी आली होती. मंगळवारी मटण-कोंबडी न खाणाऱ्या काही घरांना अंडं चालत होतं. शाकाहारी मंडळींसाठी वेगळं टेबल आणि बटाट्याची बोंडं, बाकीच्यांसाठी अंडी, अशी वाटणी झाली. एकूण ७० माणसं, त्यांतली ५२ अंडं खाणारी, आणि त्या ५२ मध्ये १५ लहान मुलं.

पदार्थ दोन ठरले. पहिला, भरलेली अंडी: उकडलेलं अंडं उभं कापायचं, बलक काढून त्याचं सारण करायचं आणि ते पांढऱ्या वाटीत परत भरायचं. माणशी दोन फोडी, म्हणजे १०४ फोडी, ५२ अंडी. दुसरा, अर्ध्या अंड्याची बोंडं, साधारण ६० नग, ३० अंडी. आठ अंडी जास्तीची धरून तीन ट्रे, नव्वद अंडी.

आणखी एका गोष्टीचा परिणाम स्वयंपाकावर झाला. २६ डिसेंबरला डॉ. मनमोहन सिंग यांचं निधन झालं, सात दिवसांचा दुखवटा जाहीर झाला, आणि गच्चीवर लावायचा ठरलेला डीजे सगळ्यांनी आपणहून रद्द केला. गाणी नाहीत म्हटल्यावर लोक बसून गप्पा मारणार आणि खाणं आठापासून अकरापर्यंत रेंगाळणार हे उघड होतं. भरलेलं अंडं तीन तास ताटात ठेवता येत नाही. वाढण्याची सगळी आखणी त्यामुळे बदलावी लागली.

अडचण

पहिली अडचण पंचांगाची. त्या वर्षी मार्गशीर्ष ३० डिसेंबरला, सोमवती अमावास्येला संपत होता. सगळ्यात मोठं स्वयंपाकघर, दोन शेगड्या आणि मोठा फ्रिज पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे. त्यांच्याकडे महिनाभर अंडं घरात येत नाही. अमावास्या ३१ च्या पहाटे सरली, म्हणजे त्यांच्या घरात अंडं शिरणार ते ३१ च्या सकाळीच. नव्वद अंडी उकडणं, सोलणं, भरणं, तळणं, सगळं एका दिवसात.

दुसरी अडचण त्या सकाळी उघडी पडली. अंडी खानापूर रस्त्याकडच्या एका पोल्ट्रीतून थेट आणली होती, आदल्या दिवशी घातलेली. ताजी म्हणजे उत्तम, असं सगळ्यांनीच धरलं. ऑम्लेटला, पाण्यात फोडून शिजवलेल्या ('पोच' केलेल्या) अंड्याला हे खरं आहे. उकडून सोलायच्या अंड्याला नेमकं उलटं. ताज्या अंड्याच्या पांढऱ्या भागात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे त्याचा सामू (आम्ल-अल्कपणा मोजणारा आकडा, pH) आठच्या खाली असतो आणि शिजल्यावर तो सालीखालच्या पापुद्र्याला घट्ट चिकटतो. दिवस जातात तसा हा वायू सालीच्या बारीक छिद्रांतून निघून जातो, सामू नऊच्या वर चढतो आणि पकड सुटते. फ्रिजमधलं आठ-दहा दिवसांचं अंडं सोलायला सोपं असतं ते यामुळे. बोंडाला पांढरा भाग थोडा फाटला तरी चालतो, वर पीठ येतं. भरलेल्या अंड्याला मात्र ती गुळगुळीत पांढरी वाटीच लागते.

त्यात पहिला ट्रे गार पाण्यात ठेवून उकळवला गेला. पाणी हळूहळू तापतं तसा पांढरा भाग पापुद्र्याशी सावकाश जुळत शिजतो आणि चिकटपणा वाढतो. सोलायला बसलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलानं दहा अंडी सोलली, त्यांतली सहा फाटली. "काकू, पांढरं सगळं सालीबरोबरच येऊलालंय की हो!" अकरा वाजून गेले होते.

पर्याय

या प्रकरणात शिकण्यासारखी पहिली जागा ही आहे: दहाव्या अंड्यावर हात थांबवला. अशा वेळी माणूस जोर लावून तीसच्या तीस सोलत बसतो आणि मग हाताशी तीस फाटकी अंडी उरतात. काकूंनी वीस अंडी तशीच पाण्यात ठेवायला लावली आणि मंडळी विचाराला बसली.

पुढ्यात चार वाटा होत्या. भरलेली अंडी सोडून सगळ्या नव्वदांची बोंडं करणं, हा सगळ्यात सोपा मार्ग. पण बोंडं गरमच खावी लागतात, आणि तीन तास कढईपाशी कोणी उभं राहायचं? शिवाय मुलांना रंगीत अंडी कबूल केलेली होती. दुसरी वाट, उकडून सोललेली अंडी बाहेरून मागवणं. रात्री अंडा-राईसच्या गाड्या लावणाऱ्यांकडे ती मिळतात, पण ती कधी उकडली, कुठल्या पाण्यात राहिली हे कळत नाही, आणि गार खायच्या पदार्थाला हा धोका पत्करण्यासारखा नव्हता. तिसरी वाट, ताजी अंडी दुकानदाराला देऊन जुना माल घेणं. चौथी, उकळण्याची पद्धतच बदलणं: पाण्यात न बुडवता वाफेवर शिजवणं.

वाफेचा मार्ग तळमजल्यावरच्या आंटींनी सुचवला. वाफेचा चटका एकदम बसतो, बाहेरचा पांढरा थर झटकन आवळतो आणि पापुद्र्यापासून सुटा राहतो. उकळत्या पाण्यात अंडी सोडली तरी हेच साधतं, पण गार अंडी उकळत्या पाण्यात पडताना तडकतात आणि वीस-पंचवीस अंड्यांनी पाणी एकदम थंडावतं. इडलीपात्रात ही दोन्ही दुखणी नाहीत.

सारणाबद्दल वाद झाला तो मेयोनेझवरून. परदेशी पद्धतीत बलकात मेयोनेझ घालतात. बाजारातली बिनअंड्याची बाटली चालली असती, पण ती गोडसर लागते आणि सारण चिकट होतं. घरी कच्च्या अंड्याचं मेयोनेझ करायची सूचना आली ती लगेच मागे पडली. ऑक्टोबर २०२४ अखेर तेलंगणानं कच्च्या अंड्याच्या मेयोनेझवर वर्षभराची बंदी घातली होती, ती बातमी सगळ्यांच्या डोक्यात होती. आमच्या मते बंदी नसती तरी निर्णय हाच हवा होता. कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो, आणि तीन तास चालणाऱ्या जमावात तो पदार्थ किती वेळ बाहेर राहील यावर कोणाचाच ताबा नसतो. मेयोनेझच्या जागी डेअरीतला श्रीखंडाचा चक्का आणि लोणी, असं ठरलं.

काय केलं

एक ट्रे किराणा दुकानात बदलून आणला. दुकानदाराकडे आठवड्याभराचा माल पडून होता आणि ताजी अंडी मिळत असल्यानं तो खुशीत होता. जुनेपणा पाण्यात तपासला: ताजं अंडं तळाला आडवं पडतं, आठवड्याचं तळाला टेकून एका टोकानं वर उचलतं, तरंगलं तर टाकून द्यायचं. आणलेल्या अंड्यांपैकी बहुतेक तिरकी उभी राहिली. हवं तेच.

मग आधी आठच अंडी वाफवून पाहिली, चार जुनी आणि चार ताजी. आठांतली सात स्वच्छ निघाली. उरलेल्या बावन्नांना हात लावला तो त्यानंतर. घाईच्या वेळी अशा चाचणीची वीस मिनिटं फुकट गेल्यासारखी वाटतात, पण सकाळचा ट्रे आठवा.

वाफवण्याची रीत अशी होती. मोठ्या इडलीपात्रात दोन बोटं पाणी, जोराची वाफ धरली की चाळणीच्या थाळ्यांवर अंडी एका थरात, एका वेळी वीस-बावीस. झाकण लावल्यापासून १३ मिनिटं. पन्नास-पंचावन्न ग्रॅमच्या अंड्याला समुद्रसपाटीवर बारा पुरतात. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, पाणी इथे साडेसत्त्याण्णव अंशांच्या आगेमागे उकळतं, म्हणून एक मिनिट जास्त. पंधराच्या पुढे मात्र जायचं नाही. पांढऱ्या भागातून सुटणारा गंधकाचा वायू बलकातल्या लोहाशी मिळतो आणि बलकाभोवती हिरवट-करडं कडं धरतं. खायला त्रास नसतो, पण सारणाचा रंग मळतो. वेळ झाली की अंडी सरळ बर्फाच्या पाण्यात, दहा मिनिटं. बर्फाची चार किलोची लादी फोडून दोन पातेल्यांत वाटली होती. नळाच्या पाण्यावर भागत नाही, वीस गरम अंडी ते दोन मिनिटांत कोमट करतात आणि आतून शिजणं चालूच राहतं.

सोलताना आधी जाड टोक आपटायचं, हवेची पोकळी तिथे असते. मग पाण्याखाली धरून अंगठ्यानं पापुद्रा पकडायचा. सकाळच्या वीस अंड्यांना सगळीकडून तडे देऊन पाण्यात पाव तास बुडवून ठेवलं होतं. पाणी पापुद्र्याखाली शिरलं आणि त्यांतली ११ बरी निघाली. साडेतीनपर्यंत हिशेब लागला: ६९ अखंड, २१ फाटलेली.

फाटक्यांचं काय करायचं हे ठरवताना अंडं बाहेरून न बघता आतून बघितलं, आणि आमच्या मते दिवसभरातला हा सर्वांत शहाणा निर्णय. बाहेरून फाटलं तरी बलक शाबूतच असतो. थोडी खरचटलेली नऊ बोंडांकडे गेली. पार विस्कटलेल्या बारांचे बलक सारणात घेतले आणि पांढरा भाग बारीक चिरून कांदा, कोथिंबीर, मिरपूड आणि चमचा-दोन चमचे चक्का घालून पावाच्या भाजलेल्या तुकड्यांवर मुलांसाठी लावला. बारा बलक जास्त मिळाल्यामुळे सारण भरघोस झालं. एरवी भरलेल्या अंड्यात ते नेहमी अपुरं पडतं, कारण बलक गाळताना आणि सारण पिळून भरायच्या पिशवीला, म्हणजे कोनाला, चिकटून बरंच जातं.

अखंडांतली ५२ अंडी उभी कापली. पातळ पात्याची सुरी, प्रत्येक कापानंतर ओल्या फडक्यानं पुसून. काही अंड्यांत बलक एका बाजूला सरकलेला निघाला आणि वाटीची भिंत कागदासारखी पातळ झाली. अंडी आदल्या रात्रभर आडवी ठेवली असती तर हे टळलं असतं, पण आदल्या रात्री ती घरातच नव्हती.

रंग

रंगाची हौस आंटींची. बिटाचं पाणी असं केलं: २०० ग्रॅमचं एक बीट किसून अर्धा लिटर पाण्यात उकळलं, गाळलं, गार झाल्यावर १०० मिली व्हिनेगर, चमचाभर मीठ, दोन चमचे साखर. बलक काढलेल्या तीस वाट्या त्यात दीड तास. फिकट गुलाबी हवा तर तासभर पुरतो. रात्रभर ठेवल्या तर रंग गडद होतो, पण व्हिनेगरनं पांढरा भाग रबरासारखा चिवट होतो.

पिवळ्यासाठी अर्धा लिटर गरम पाण्यात एक चमचा हळद. पहिल्या चार वाट्यांवर तांबूस डाग आले. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे, आणि इथे घडलं तेही तेच. अंड्याचा पांढरा भाग अल्कधर्मी असतो, त्याला लागून हळद लालसर होते. पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घातल्यावर पुढच्या वीस वाट्या स्वच्छ पिवळ्या निघाल्या. दोन्ही रंगांच्या वाट्या कापडावर पालथ्या घालून पूर्ण कोरड्या केल्या. ओल राहिली की बिटाचा रंग सारणात उतरतो.

सारण

सारणासाठी बलक गाळून घ्यावा लागतो, नाहीतर कोनाच्या तोंडात गुठळी अडकते आणि मग जोर दिला की पिशवी फुटते. पुरणयंत्र या कामाला अगदी योग्य. पण काकूंच्या घरचं पुरणयंत्र नैवेद्याचं, ते अंड्याला लागणार नव्हतं आणि कोणी मागितलंही नाही. आंटींकडची पिठाची बारीक स्टीलची चाळण आणली आणि वाटीच्या बुडानं बलक घासून काढला. गरम असतानाच हे सोपं जातं. फ्रिजमधून काढलेला बलक चुरा होतो, गाळला जात नाही.

६४ बलकांचा मिळून किलोभर गाळ भरला. त्यात ४०० ग्रॅम चक्का, १२० ग्रॅम लोणी, मीठ, दोन लिंबांचा रस. या सगळ्याचे दोन सारखे भाग केले.

पहिल्या भागात फेसलेली मोहरी. एक मोठा चमचा मोहरी कुटून, दोन चमचे गार पाणी घालून, खलात पांढरट फेस येईपर्यंत घोटली. मोहरीचा झणका पाणी लागल्यावरच तयार होतो, त्याला दहा मिनिटं द्यावी लागतात. गरम पाणी घातलं तर तो उठतच नाही, आणि लिंबू आधी पिळलं तर अर्धवट राहतो. म्हणून मोहरी आधी स्वतंत्र फेसायची आणि मग आंबट सारणात मिसळायची. मिक्सरमध्ये जास्त वेळ फिरवली की कडू होते. आमच्या मते भरलेल्या अंड्याला परदेशी मस्टर्डपेक्षा ही फेसलेली मोहरी सरस आहे. नाकापर्यंत जाते आणि बलकाचा जडपणा मोडते.

दुसरा भाग लाल, आणि इथे गाडी अडली. काकूंनी संकेश्वरी मिरचीची लसूण-चटणी वाटली होती: सुक्या मिरच्या, वीस पाकळ्या लसूण, भाजलेलं खोबरं, तीळ. संकेश्वरी हा आपल्याच जिल्ह्यातला माल, घरोघर वापरला जातो, आणि म्हणूनच तिच्या तिखटाचा अंदाज प्रत्येकाचा वेगळा. सुक्या भाकरीबरोबर चालणारी चटणी गार, लोणी घातलेल्या सारणात मऊ लागेल असं वाटलं होतं. चाखल्यावर मोठ्यांनाही पाणी आठवलं. तिखट मारायला म्हणून साधं घट्ट दही ओतलं गेलं. तिखट कमी झालं, पण सारण पातळ झालं. कोनातून पाडलेला गोंडा वाटीत पसरून सपाट बसला. दह्यातलं पाणी तर होतंच, वर चटणीतलं मीठ ते आणखी सोडवत होतं.

उपाय चौथ्या मजल्यावरच्या अक्कांनी सांगितला. त्या शाकाहारी, पण चटण्यांचा हात पक्का. "डाळं दळून घाला की, पाणी पिऊन घेतंय ते." पंढरपुरी डाळ्याचं बारीक पीठ तीन मोठे चमचे, दहा मिनिटं झाकून. सारण पुन्हा उभं राहिलं, खमंगही झालं. बेसन घातलं असतं तर कच्चट लागलं असतं. डाळं भाजलेलं असतं, म्हणून चालतं.

मूळ चूक चटणीच्या प्रमाणात होती. आठशे ग्रॅम सारणाला चार संकेश्वरी आणि दहा ब्याडगी असं धरलं असतं तर ब्याडगीनं रंग दिला असता, संकेश्वरीनं चव, आणि दह्याची गरजच पडली नसती.

भरणं आणि वाढणं

वाट्या आणि सारण सहा वाजेपर्यंत वेगवेगळे फ्रिजमध्ये, झाकलेल्या डब्यांत. आधीच भरून ठेवलं की सारणावर साय धरते, कडेनं पाणी सुटतं आणि फ्रिजमधला कांदा-लसणीचा वास चिकटतो. साडेसहाला निम्म्याच वाट्या भरल्या, ५२. उरलेल्या सव्वानऊला. डीजे रद्द झाल्यानं वेळ लांबणार होती, म्हणून हे दोन घाण्यांचं गणित. उकडलेली अंडी फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायची नसतात. गच्चीवर डिसेंबरातली थंडी होती, तरी तिच्या भरवशावर ही मर्यादा ओलांडली नाही. माणसांच्या घोळक्यात, दिव्यांखाली ताटातला पदार्थ बाहेरच्या हवेइतका गार राहत नाही.

खाली परातीत फोडलेला बर्फ, वर जाड फडकं, त्यावर ताटं. गुळगुळीत वाट्या ताटात घसरू नयेत म्हणून पहिल्यांदा चिरमुऱ्यांची गादी केली. दिसायला छान, पण पाव तासात चिरमुरे सादळले आणि अंड्यांच्या बुडाला चिकटले. दुसऱ्या घाण्याला बारीक चिरलेला कोबी पसरला, तो शेवटपर्यंत कुरकुरीत राहिला. बुडाचा चकतीभर पांढरा भाग कापून वाटी सपाट करायचीही पद्धत आहे. भिंत जाड असेल तरच ती वापरावी.

बोंडांचं काम तुलनेनं सुरळीत गेलं. २६ अंडी, ५२ फोडी. ओल्या अंड्यावर पीठ धरत नाही, तेलात पडल्यावर टोपीसारखं निसटतं. म्हणून फोडी पुसून, कापलेल्या बाजूला उकडलेल्या बटाट्याचा पातळ लेप देऊन, तांदळाच्या कोरड्या पिठात घोळवल्या. लेपामुळे बलक सुटून तेलात पडत नाही. पीठ ४०० ग्रॅम बेसन, ८० ग्रॅम तांदळाचं पीठ, तिखट, हळद, ओवा, मीठ आणि साडेचारशे मिली पाणी, पळीच्या पाठीला जाड थर राहील इतपत. पिठाचा थेंब टाकल्याबरोबर वर यायला हवा. कापलेली बाजू आधी खाली, एका वेळी सहाच. शाकाहारी बटाटाबोंड्यांची कढई, झारा, शेगडी आणि टेबल सगळं वेगळं, आणि ती कढई गच्चीच्या दुसऱ्या टोकाला. एकाच तेलात "आधी शाकाहारी तळून घेऊ" ही तडजोड कोणीतरी सुचवली होती. ती स्वीकारली नाही हे बरं झालं. दुसऱ्या घाण्याला कोण कुठला झारा उचलतो याकडे गर्दीत लक्ष राहत नाही.

निष्पन्न

बोंडं सगळ्यांत आधी संपली, साडेनऊपर्यंत एकही उरलं नाही. मोहरीच्या सारणाची अंडी दोन्ही घाण्यांत ताटात टिकली नाहीत. मुलांनी गुलाबी वाट्या वेचून खाल्ल्या. लाल सारणाच्या ११ फोडी उरल्या. पहिल्या घाण्यातल्या चार दोन तास उलटल्यामुळे टाकून दिल्या, दुसऱ्या घाण्यातल्या सात वेळेत फ्रिजमध्ये गेल्या आणि सकाळी सँडविचमध्ये संपल्या. पावावरचे तुकडे पाच मिनिटांत गेले, ते आणखी दुप्पट खपले असते.

कोणाचं पोट बिघडल्याचं कानावर आलं नाही. मोठी किंमत मोजावी लागली ती वेळेची: सकाळच्या फसलेल्या ट्रेमुळे आणि त्याच्या निस्तारण्यात अडीच तास गेले, आणि काकूंना जेवणाचा भात बाहेरून मागवावा लागला.

पुढच्या वेळी

अंडी २० तारखेच्या सुमारास घ्यावीत आणि ट्रेवर तारीख लिहून ठेवावी. काकूंच्या घरी मार्गशीर्ष असेल तर आंटींच्या फ्रिजमध्ये दोन ट्रेची जागा आधीच बोलून ठेवावी. त्यांच्याकडचा नाताळचा फराळ, नेवऱ्या-कुलकुल, फ्रिजबाहेरच राहतो, म्हणजे जागा होते. ३० च्या रात्री तिथेच वाफवून, सालीसकट गार करून ठेवलं तर ३१ ला फक्त सोलणं आणि भरणं उरतं. सालीसकट उकडलेलं अंडं फ्रिजमध्ये आठवडाभर चांगलं राहतं, त्यामुळे एक रात्र आधी केल्यानं काहीच बिघडत नाही. हा पर्याय या वेळीही होता. काकूंचं घर मोठं, म्हणून काम तिथेच, हे सगळ्यांनी न बोलता धरलं आणि प्रश्न कोणी विचारलाच नाही.

वाट्यांचं प्रमाणही बदलायला हवं. माणशी दोन भरलेल्या फोडी ठीक, पण बोंडं माणशी दीड तरी धरावीत, म्हणजे बावन्न जणांना ८० च्या आसपास. लाल सारण एकूणाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, आणि मुलांच्या ताटात अजिबात नको.

एक गोष्ट कोणाच्याच आखणीत नव्हती. शाकाहारी टेबलावरची मुलं रंगीत वाट्यांकडे बघत राहिली, त्यांच्याकडे नुसती बोंडं होती. लिंबाएवढे छोटे बटाटे सालीसकट उकडून, अर्धे कापून, चमच्यानं पोखरले की अगदी तशीच वाटी होते. त्यात काढलेला बटाटा, चक्का, लोणी आणि फेसलेली मोहरी घोटून कोनानं भरायची. अठरा जणांना वीस बटाटे, दीडशे ग्रॅम चक्का, ५० ग्रॅम लोणी. बिटाच्या पाण्यात बटाटा अंड्यापेक्षा लवकर रंगतो, अर्धा तास पुरतो. ही पाककृती अक्कांना दिलेली आहे, आणि त्यांचा कोन, चाळण, भांडी सगळं त्यांच्याच घरचं असेल.